काढून टाकायला माणूस हवा

माझ्या मावसभावाइतका रागीट माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि त्याचा सगळा राग उदाहरण न देता माहिती सांगणाऱ्यांवर आहे. एकदा जवळा बाजार या गावी फवारणीच्या औषधाचा कागद वाचून तो भर दुकानात ओरडला, "योग्य प्रमाणात मिसळा! योग्य म्हंजे किती? एका पंपाला किती टोपणं, ते सांगा ना सरळ!" दुकानदार म्हणाला, "भाऊ, मी लिवलंय का ते?" मागं गिऱ्हाइकं खोळंबलेली, आणि मी पिशवी धरून लाजेनं अर्धा झालेलो. पत्रिकेवर नुसतं 'राहत्या घरी' छापणाऱ्या एका सोयऱ्याला तर यानं ऐन लग्नघाईत फोन करून औंढ्याच्या फाट्यापासूनचं एकेक वळण सांगायला लावलं.

पोटापाण्यासाठी हा घरी बसून प्रोग्रामिंग करतो. माणसं आणि त्यांची नाती जशीच्या तशी साठवणारा ग्राफ डेटाबेस असतो, आणि आपला प्रोग्राम त्याला जोडून देणारा ड्रायव्हर. त्या ड्रायव्हरच्या माहितीत म्हणे उदाहरणंच नव्हती. "नुस्ती आज्ञांची नावं देऊन ठेवलीत! शिकणाऱ्यानं काय अंगारा लावून समजून घ्यायचं?" असं म्हणत यानं ती फुकट लिहायला घेतली. खोटी नावं याला चालत नाहीत, म्हणून आमचं अख्खं गणगोत त्यात गेलं, मावशीची शेळीसुद्धा. कुणाला विचारायची पद्धत? माझं माझ्या साडूशी नातं कसं लागतं हे यानं जगाला शिकवलं. आमचा दिवाळीपासून अबोला आहे, त्याचं याला काय!

जोडणं, शोधणं, बदलणं झालं. काढून टाकण्याचं उदाहरण अडलं, कारण काढायला माणूस हवा. त्यानं मला विचारलं, मी त्याला घराबाहेर काढला. शेळीचं नाव निघताच मावशी भडकली, "गाभण हाय ती! तिला काहून काढून राहिलास?" आणि ते एक पान नसेल तर बाकीची पाठवायची नाहीत, असा याचा हट्ट. सगळी मेहनत पाण्यात जायची वेळ आली.

शेवटी यानं स्वतःलाच काढायचं ठरवलं. डेटाबेसनं नकार दिला. नाती असताना माणूस काढता येत नाही, आधी ती तोडावी लागतात. हे यानं जेवायला बसताना मावशीला कौतुकानं सांगितलं, वर "तोडली बी," असंही सांगितलं. मावशीनं वाढलेलं ताट मागं ओढलं. "आधी मला तुझी आई कर, मंग जेव."

म्हणून त्या उदाहरणात काढलेला माणूस लगेच परत येतो आणि पहिल्यांदा आईला जोडला जातो. या जास्तीच्या ओळी कशाला, असं ड्रायव्हर बनवणाऱ्यांपैकी परदेशातल्या कुणीतरी विचारलं. यानं उत्तर दिलं, "आईनं सांगितलं." पानं तशीच स्वीकारली गेली.

मागच्या वर्षी मावशी गेली. मग ड्रायव्हरची नवी आवृत्ती आली आणि यानं सगळी उदाहरणं नव्यानं लिहिली. मला आणि साडूला त्यातून न विचारता वगळलं, म्हणून मी तणतणत त्याच्याकडे गेलो. आईला जोडणाऱ्या त्या ओळी मात्र जागेवर होत्या.

"हे तरी चालवून पाहिलंस का?" मी विचारलं.

"रोज पाहतो," तो म्हणाला. "शेवटी पडद्यावर आईचं नाव येतं."

भांडायला गेलेला मी, त्याच्याकडेच जेवून परत आलो.