तुझं काय दुखतंय?

परवा बाजारात विडीच्या पानांचा वास आला आणि अम्मा आठवली. दिवसभर विड्या वळून ती घरी यायची तेव्हा तिच्या पदराला हाच वास असायचा. मी तेव्हा कॉलेजात होते, रॅप लिहायचे. एका संध्याकाळी ती अशीच घरी आली, आणि दुसऱ्या दिवशी माझी रॅपची स्पर्धा होती. रॅपमध्ये अम्माची काळवंडलेली बोटं होती, खोकला होता, वाकलेली पाठ होती. ती भिंतीला टेकून बसली आणि मी मांडीवर ठेका धरून सगळं म्हणून दाखवलं. वाटलं, आता रडेल. ती गुडघे चोळत म्हणाली, "लई चांगलं जमलंय की. पण हे माझं दुखणं हाय. तुझं काय दुखतंय, ते कुटं हाय ह्यात?" सकाळी कॉलेज, दुपारी टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंग, मग घरचा स्वयंपाक, मी इतकी दमायचे की वर्गात डोळा लागायचा. पण तिच्याकडे बघून ते बोलायची लाज वाटायची. स्पर्धेत मी तिच्यावरच्या ओळी गाळल्या आणि माझं हे दमणं तेवढं सांगितलं. यमकं जुळली नाहीत, टाळ्या तुरळक पडल्या, नंबर आला नाही. ऐकायला येऊन मागे उभी राहिलेली अम्मा घरी जाताना रिक्षात बसल्यावर म्हणाली, "एवढी दमतीस, सांगायचं न्हाय व्हय?" त्या संध्याकाळी भाकऱ्या तिनंच थापल्या, मला पडू दिलं. आता माझी मुलगी मला तिचं रॅप ऐकवते. शब्द भराभर जातात, निम्मे कळतही नाहीत. मी आपली तिचा आवाज कुठं थकतो, तेवढं ऐकत बसते.