उलटा हात

विज्ञान केंद्राच्या दारातच पाटी होती: 'इथल्या सगळ्या वस्तूंना हात लावा.' ती वाचून आजोबा जागीच थबकले. जन्मभर वायरमन म्हणून राबलेल्या माणसाला असलं काही वाचायला लावणं म्हणजे शुद्ध छळ.

त्यांच्या धंद्यातला नियम साधा: अनोळखी तारेला हात लावायचा नाही, लावायचाच तर उलटा. झटका बसला की मूठ आपोआप आवळते. तळहात असेल तर माणूस चिकटतो, उलटा असेल तर सुटतो. त्यांचा जोडीदार हे एकदाच विसरला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत चिकटला. आजोबांनी लाकडी शिडीने ढकलून त्याला सोडवला. जीव वाचला, हात गेला. तेव्हापासून घरात "हात लावू नको" हा जप सुरू झाला. त्या जपाचं फळ म्हणजे त्यांचा मुलगा. दोन पोरांचा बाप झाला, पण बल्ब गेला की अजून शेजाऱ्याला हाक मारतो. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

नातवंडांना एकट्याने आणायचा हट्ट मात्र आजोबांचाच. नातू सांगाल तिथे उभा राहणारा. धाकटी नात सगळ्यांची भिंगरी, नावाला जागणारी. तिने वाकड्या आरशाला वाकुल्या दाखवल्या, पंप हापसून दादाला भिजवलं. आजोबा धापा टाकत मागे. "अगं हळू! बोट चेमटेल!"

मग स्थिर विजेचा चकचकीत धातूचा गोळा आला. तिथल्या ताईने बटण दाबलं तशी त्यातून घरघर सुरू झाली. भिंगरीने हात पुढे केला आणि आजोबांनी तो फटकन उडवला. जरा जोरातच लागलं.

पोरीने हात मागे घेतला. दोन्ही हात फ्रॉकच्या खिशात घालून भिंतीशी जाऊन उभी राहिली.

"चल ना, तिकडे चुंबक आहेत," दादा म्हणाला.

"नको."

"मोठ्ठे साबणाचे फुगे?"

"नको. हात नाही लावायचा."

आजोबांनी ते पाहिलं. त्यांचा मुलगा लहानपणी अस्साच उभा राहायचा, खिशात हात घालून. ही पोर अशीच घरी गेली तर? आपल्या धाकाने आणखी एक पिढी शेजाऱ्याला हाका मारणार.

गोळा आता बंद होता. आजोबा ताईपाशी गेले. "धोका नाही ना काही?"

"नाही हो आजोबा. या प्लास्टिकच्या स्टुलावर उभं राहायचं, हात ठेवायचा, मग मी सुरू करते."

आजोबा चढले. सवयीने उलटा हात पुढे गेला. त्यांनी डोळे मिटले, हात वळवला आणि तळहात टेकवला. घरघर सुरू झाली. डोक्यावर केस नव्हतेच, तेव्हा ताठ झाल्या त्या भुवया आणि मिशा.

भिंगरी फिस्सकन हसली. "आजोबा, तुमची मिशी!" खिशातले हात बाहेर आले. "आता मी!"

गोळा बंद झाला, आजोबा उतरले. भिंगरी स्टुलावर चढताच ते तिचा दंड धरायला धावले.

"लांब व्हा आजोबा," ताई म्हणाली. "हात गोळ्यावर असेपर्यंत तिला कोणी धरायचं नाही."

कोणी धरू नका त्याला! जोडीदार चिकटला तेव्हा आजोबाच असे ओरडले होते. तरी ते मागे सरले, हात पाठीशी बांधून. भिंगरीच्या बटा एकेक करून वर उठल्या. ती खिदळत होती, आणि इकडे आजोबांचा जीव टांगणीला लागलेला.

घरघर थांबली. भिंगरी उडी मारून धावत आली, तिने त्यांच्या हातात हात घातला आणि चट् झालं! दोघंही दचकले. आजोबांची मूठ आवळली, तिच्या हातासकट.

"मी तुम्हाला शॉक दिला!"

"दिलास खरा."

"घाबरलात?"

"फार घाबरलो गं."

"मग सोडा ना हात!"

"सुटत नाही," आजोबा म्हणाले. "चिकटलाय."