वारनिसभाऊंनी सोडलेलं दूध

वारनिसभाऊ विहिरीवरच्या मोटारींचे डॉक्टर होते, आणि चांगल्या डॉक्टरासारखे रोग्यापेक्षा नातेवाइकांवर जास्त ओरडायचे. कामरगावच्या बसस्टँडमागे त्यांचं वायंडिंगचं, म्हणजे मोटारीत नवी तार गुंडाळायचं, दुकान. जळालेली मोटार नेली की आधी शिव्या, मग पाणी, मग काम. "धूर निंगेपर्यंत चालोता अन मंग माह्याकडे येता! तारेवरचं वारनिस गेलं की तार तारेले भिडते, लेकहो. आंधी काहून नाही आले?" तारेवर वारनिसचा लेप नीट बसला की नाही, हे ते डोळे मिटून नुसत्या बोटांनी सांगत. त्यांचं खरं नाव फक्त रेशनकार्डाला माहीत होतं.

एका वर्षी ते वहिनींना घेऊन काशीला जाऊन आले. काशीला गेलं की आवडीचं काहीतरी सोडायचं असतं. आमच्याकडचे भाविक लोक बहुधा कारलं सोडतात. भाऊंना ही शुद्ध लबाडी वाटे. "आवडते थे सोडा ना, बाप्पा. गंगेले समजत नाही का?" मांस-अंडी त्यांच्या घरात पहिल्यापासूनच नव्हती. भाऊंनी दूध सोडलं, आणि दुधासोबत दही, ताक, तूपही. दाट चहावर जगणारा माणूस कोरा चहा पिऊ लागला. पाहुण्यांच्या कपाकडे बघणं मात्र त्यांना कधीच सोडता आलं नाही.

काही वर्षांनी पायांना मुंग्या यायला लागल्या. एकदा दुकानातून एकाच चपलेत घरी पोचले. दुसरी कुठे निसटली, ते पायाला कळलंच नव्हतं. आम्ही हसलो, तेही हसले. मग बोटं बधिर झाली. वहिनी दवाखान्याचं म्हणत, तर भाऊ, "तुरीचं पानी सुरू हाय, सीझन निंगू दे." असे दोन सीझन निघाले. या काळातही धूर काढून आलेल्या मोटारीच्या मालकाला ते सोडत नव्हते.

शेवटी दुकानाच्या पायरीवर पडले, तेव्हा मीच त्यांना अकोल्याला नेलं. डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. मेंदूत आणि कण्यात नसांवर चरबीचं आवरण असतं, म्हणाल्या. ते एकदा बसवून भागत नाही. तिथल्याच पेशी रोज राखण करतात, झिजलेलं उचलतात, नवं गुंडाळतात. त्या कामाला बी-बारा जीवनसत्त्व लागतं, आणि तुमच्या जेवणात ते दुधातूनच येत होतं.

"म्हंजे अंदर बी वारनिस मारनारे कारागीर हायेत," भाऊ म्हणाले. "अन म्याच त्याईले माल देल्ला नाही."

बाईंनी इंजेक्शनं दिली आणि दूध सुरू करा म्हणून सांगितलं. भाऊंनी इंजेक्शनात दूध नाही याची खात्री करून मगच बाही वर केली. "गंगामाय तुमचे हात मांगत नोती हो," वहिनी तिथेच रडल्या. भाऊंनी ऐकलं नाही. मला त्या दिवशी त्यांचा भयंकर राग आला होता.

पाय सुधारले. बोटं मात्र परत आली नाहीत. फार उशीर झाला होता. पुढे तार वहिनी गुंडाळत. शिव्यांचं खातं तेवढं भाऊंनी स्वतःकडे ठेवलं. लेपावरून बोट फिरवून वहिनी "बसलं" म्हणत, आणि भाऊ डोळे मिटून मान हलवत. मला ते बघवत नसे.

गेल्या वर्षी दुकान विकून दोघं लेकीकडे नागपूरला निघाले. निरोप घ्यायला गेलो, तेव्हा मी नुकताच काशीहून आलो होतो. वहिनींनी मला दुधाचा चहा दिला.

"काय सोडलं?" भाऊंनी विचारलं.

"कारलं," मी खाली मान घालून म्हणालो आणि शिव्यांची वाट पाहू लागलो.

भाऊ माझ्या कपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बेस केलं. गंगेले समजते."