अप्पांचं न चिकटवलेलं पाकीट

आमच्या देवासच्या पॅथॉलॉजीवाल्या अप्पांकडून रिपोर्ट घेऊन कुणी सरळ घरी गेलाय, असं कधी झालं नाही. पाकीट ते चिकटवायचेच नाहीत. समोरच्या स्टुलाकडे बोट दाखवायचे. "बैठ भिया, पहले बैठ. आता वाच." डॉक्टरांना दाखवीन म्हटलं तरी सुटका नाही. "डॉक्टर त्यांचं सांगतीलच. तू कागद वाचलास की नाही, ते मला बघू दे." मी शाळेत मास्तर, आणि हा माणूस मलाच वाचायला लावतो म्हणून मी चरफडायचो.

दुसरी खोड डोळे बघण्याची. भर लग्नाच्या पंगतीत पाहुण्याला उन्हात नेऊन त्याची पापणी खाली ओढायचे. एकदा व्याह्यांचे डोळे पिवळे निघाले. मंडळी त्यांना कावीळ उतरवणाऱ्याकडे माळ घालायला नेणार होती. अप्पा म्हणाले, "माळ घाला, ना नाही. पण रक्त आधी द्या." व्याही रुसले, पण रक्त दिलं आणि वेळेवर दवाखान्यात पोचले.

लिव्हरवर तर अप्पांचा फार जीव. म्हणायचे, "लिव्हर म्हणजे घरातली थोरली सून. सगळ्यांचं करते, कुरकुर नाही. दुखेल तेव्हा बघू म्हणशील तर पस्तावशील."

आणि एक दिवस स्टुलावर बसून मी माझाच कागद वाचला: फॅटी लिव्हर. मी ओरडलोच, "अहो अप्पा, मी दारूच्या थेंबाला शिवत नाही!"

"माहीत आहे ना भिया. पण सकाळी पोहे-जिलबी, चारला कचोरी, जेवणात मूठभर शेव. घंटा झाली तरच तू खुर्चीतून उठतोस. पोट बघ जरा. शुगरही काठावर आलीय. अजून वेळ आहे, सुधारतं हे."

सुधारणं राहिलं बाजूला, मी घरी येऊन तो कागद जुन्या प्रश्नपत्रिकांखाली दडवला. आमच्या मराठी मंडळींत घरं चार आणि तोंडं चाळीस. लिव्हर म्हटलं की लोक म्हणणार, सर चोरून घेतात वाटतं! बायकोलाही सांगितलं नाही. टोंकखुर्दच्या एका बाबाकडून "एकवीस दिवसांत लिव्हर धुऊन देतो" असं चूर्ण मात्र आणलं. शिकलेला माणूस, पण अक्कल गहाण!

आठवड्याने अप्पा न बोलावता चहाला आले. बायको स्वयंपाकघरात गेली. खिडकीतला चूर्णाचा डबा त्यांनी उघडून हुंगला. "यात काय आहे?"

"जडीबुटी."

"कोणती?"

मला कुठे ठाऊक!

"तुला माहीत नाही, आणि निस्तरायचं लिव्हरने? असल्या चूर्णांनी बिघडलेली लिव्हरं मी पाहिलीत." मग आवाज खाली आणून विचारलं, "सूनबाईला सांगितलंस?"

मी मानेनेच नाही म्हटलं. अप्पांनी डबा खाली ठेवला. मग म्हणाले, "तुझ्या वडिलांचा रिपोर्ट मीच काढला होता. हेच होतं. अण्णा म्हणाले, घरी कळू देऊ नकोस, अब्रूचा सवाल आहे. मी पाकीट चिकटवून दिलं."

अण्णा पुढे पोटात पाणी होऊन गेले. जन्मात दारू न चाखलेला माणूस! आम्हाला कळलं तेव्हा हातात काही राहिलं नव्हतं. आणि लोक तेराव्याला कुजबुजलेच.

"तेव्हापासून पाकीट चिकटवत नाही मी," अप्पा म्हणाले. "तुझ्या घरात मी सांगणार नाही, ते तुझं काम. पण तू सांगेपर्यंत उठणारही नाही."

आणि खरंच बसले. दोनदा चहा झाला. शेवटी बायकोने विचारलं, "अप्पा, आज काय विशेष?" मग मी सांगून टाकलं.

"हात्तिच्या! मला वाटलं, तिकडे आडरानात गंधवानीला बदली झाली!" ती म्हणाली आणि आत गेली. आत जाऊन पदर तोंडाला लावून रडली, ते मी दारातून पाहिलं.

पुढे डॉक्टरांना दाखवलं. चूर्ण मोरीत गेलं, जिलबी बंद झाली, शेव रविवारपुरती उरली. रोज पाऊण तास चालायला लागलो. आठवड्यात चमत्कार व्हावा अशी माझी घाई, पण वजन सावकाशच उतरलं. वर्षाने तपासणी केली. लिव्हर पुष्कळ सुधारलं होतं.

तोवर अप्पा लॅब बंद करून मनावर गावी मुलीकडे गेले होते, पडून अंथरुणाला खिळले होते. आम्ही दोघं भेटायला गेलो. मी पाय धरले. "अप्पा, तुमच्यामुळे वाचलो," म्हटलं. असं तोंडावर बोलायची आपल्याकडे रीत नाही, पण मी बोललो.

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "अण्णाला सांगायला लावायला हवं होतं रे मी."

बायको पुढे झाली, त्यांचा हात हातात घेतला. "अप्पा, मामंजींचं राहून गेलं. पण माझं माणूस तुम्ही मला परत दिलंत." म्हातारा लहान पोरासारखा रडला.

पंधरा दिवसांनी अप्पा गेले. त्यांच्या मुलीने फोनवर सांगितलं, "दादा, तुम्ही येऊन गेलात आणि बाबांना शांत झोप लागायला लागली. नाहीतर इतकी वर्षं झोपेत अण्णांना हाका मारायचे."