वानखेड्यांची गिटार आणि मास्तरांची रेकॉर्ड

किस्से मुद्दाम कोणी साठवत नाही हो. रिकाम्या बरण्यांसारखं असतं ते. टाकवत नाहीत म्हणून ठेवायच्या आणि एक दिवस बघावं तर माळा भरलेला! आमच्या ऑर्केस्ट्राचं तसंच झालंय. ऑर्केस्ट्रा म्हणजे काय, तर खडकीच्या कारखान्यातली आम्ही हौशी मंडळी. पहिली शिफ्ट सुटली की कॅन्टीनमागच्या हॉलमध्ये प्रॅक्टिस आणि गणपतीत कार्यक्रम. मी त्यातली गायिका. सकाळी इन्स्पेक्शनमध्ये मालाला नाकं मुरडायची आणि दुपारी गायचं. आता सगळेच रिटायर झालोय, पण कुणाकडे चहाला जमलो की गप्पा फिरून फिरून वानखेड्यांच्या गिटारवरच येतात.

*

आधी मास्तर सांगते. मास्तर म्हणजे टूलरूमचे चव्हाण, राहायला हडपसरला, घरची शेती, गळ्यात अ‍ॅकॉर्डियन. त्यांचा एकच कायदा होता. रेकॉर्डवर आहे तसंच वाजलं पाहिजे. गायिकेनं श्वासही रेकॉर्डवर आहे तिथंच घ्यायचा.

एकदा कोथरूडच्या एका सोसायटीत आम्ही नवीन गाणं बसवून नेलं. टाळ्याबिळ्या पडल्या. नंतर पहिल्या रांगेतले साठेकाका स्टेजमागे आले. रिटायर्ड हेडमास्तर, दरवर्षी चुका काढायलाच यायचे. दुसऱ्या कडव्यातली एक ओळ कुठं गेली, असं त्यांनी विचारलं. मास्तर छाती पुढं काढून म्हणाले, ती रेकॉर्डवर नाहीच.

साठेकाका शांतपणे चष्मा पुसत म्हणाले, "मग तुमच्या रेकॉर्डला चरा पडला असेल."

खरंच पडला होता हो! सुई नेमकी तिथून पुढं उडी मारायची आणि आम्ही ती उडीसुद्धा तालात बसवली होती. अर्थ लागत नव्हता, पण सिनेमातल्या गाण्याचा अर्थ लावत कोण बसतंय? मास्तरांनी लगेच नवी रेकॉर्ड आणली, पण साठेकाकांचं बोलणं त्यांच्या जिव्हारी लागलं. त्यानंतर एक सूर इकडचा तिकडे झालेला त्यांना खपेना.

*

अशात वानखेडे आले. नागपूरकडून बदली होऊन स्टोअर्समध्ये. चाळिशीचे, अबोल, स्वेटर घालणारे. इलेक्ट्रिक गिटार येते म्हणाले. आमचा गिटारवाला नुकताच दुबईला गेला होता, म्हणून मास्तरांनी लगोलग बोलावून घेतलं.

वानखेडे बसले, वायर जोडली, डोळे मिटले. मग एक सूर कुठूनसा आला. तार छेडल्याचा आवाजच नाही. मंद आचेवर दूध वर येतं तसा तो वर आला, जरा थांबला आणि खाली बसला. मग दुसरा. मध्ये भरपूर शांतता. गिटार जुळवून होऊ दे, असं म्हणून आम्ही थांबलो. तबलेवाल्यानं पान लावलं, खाल्लं. शेवटी मास्तरांनी घड्याळ बघितलं आणि आता सुरू करा म्हणाले.

वानखेड्यांनी डोळे उघडले. "संपलं ना जी. एवढा वेळ मी वाजवूनच तर राहिलो होतो."

*

आमच्यातली अर्धी मंडळी मेंटेनन्सची, हे लक्षात घ्या. बिघाड दिसला की यांचे हात शिवशिवणार. आमचे साउंडवाले गोखले इलेक्ट्रिशियन, सदाशिव पेठेतले. त्यांनी बघितलं की आवाज येतोय, जातोय, येतोय, जातोय, आणि वानखेड्यांची करंगळी सारखी व्हॉल्यूमच्या बटणावर. निदान झालं. बटण लूज!

वानखेडे चहाला गेले तेवढ्यात गोखल्यांनी गिटार उघडली, झाळकाम केलं आणि बटण फुलवर ठेवून असं पक्कं बसवलं की पाना लावूनही हललं नसतं. वानखेडे परत आले, नेहमीसारखी हलक्या हातानं तार छेडली आणि पत्र्यावरची सगळी कबुतरं उडाली.

तार छेडून मग करंगळीनं बटण फिरवत आवाज हळूच वर आणायचा, हीच त्यांची सगळी कला, हे आम्हाला तेव्हा कळलं. चिडले असते तर बरं झालं असतं. पण वानखेडे बटण चाचपत म्हणाले, "दुरुस्त केली का जी? आता पहिल्यासारखी बिघडवून द्या."

गोखल्यांनी बिघडवून दिली. त्यांच्या उभ्या नोकरीतलं तसं ते एकच काम.

*

माझं मात्र त्या वर्षी काही खरं नव्हतं. गळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि वरचा सूर चिरकायला लागला होता. आमच्या कार्यक्रमाचं शेवटचं गाणं संथ होतं. शेवटी आवाज एकदम वर चढतो आणि तिथंच राहतो. लोक त्या एका जागेसाठी थांबायचे. आता ती जागा जवळ आली की मी माइकपासून हळूच मागं सरकायचे. पट्टी थोडी उतरवू या का, असं मी मास्तरांना विचारून बघितलं. रेकॉर्ड काय कुणी उतरवून वाजवतं का, असं त्यांनी उलट मलाच विचारलं.

मग एक दिवस गोखले माझ्या टेबलाशी आले. आडवळण त्यांना माहीतच नाही. "मालतीबाई, हडपसरच्या एका मुलीला मास्तरांनी ऐकून ठेवलंय. कोथरूडला तुमचा सूर लागला नाही तर पुढचे कार्यक्रम तिचे. आवाज चांगला आहे, दुर्दैवानं."

त्या दिवशी जेवण गेलं नाही. गाणं गेलं तर माझ्याकडे उरतं काय? इन्स्पेक्शन?

डबा तसाच घेऊन दुपारी लवकर हॉलवर गेले. आत वानखेडे एकटेच वाजवत होते. पंखा कुरकुरत होता, खिडकीतून ऊन तिरपं आलं होतं आणि त्यात धूळ तरंगत होती. मी दाराशी बाकावर बसले. एक सूर आला, गेला, आणि गेल्यावरही हॉलमध्ये कुठंतरी होताच. इतके दिवस मला ते वाजवणं म्हणजे झोप न लागलेल्या माणसाचं कूस बदलणं वाटायचं. त्या दिवशी काय झालं कोण जाणे. प्रत्येक सूर जसा काही म्हणत होता, बस गं, घाई नाही. मला रडू आलं, आणि खरं सांगते, फार बरं वाटलं.

मांडीवरच्या डब्याची आठवण झाली तेव्हा ऊन खिडकीवरून निघून गेलं होतं. बाहेर आले तर भिंतीला टेकून मास्तर उभे, चपला हातात. त्यांच्या चपला फार वाजायच्या. माझ्याकडे न बघता म्हणाले, "रेकॉर्डवर हे काय बी न्हाई." पण हलले नाहीत.

*

कोथरूडचा कार्यक्रम. पहिल्या रांगेत साठेकाका. शेवटचं गाणं आलं. वानखेड्यांना मास्तरांनी बजावलं होतं, फक्त रेकॉर्डवर आहे तेवढंच. तेही बिचारे अगदी तेवढंच वाजवत होते.

ती जागा आली. मी श्वास घेतला, वर गेले आणि अर्ध्यावर आवाज संपला. चिरकलासुद्धा नाही, संपलाच. तोंड उघडं, मांडवभर माणसं, आणि गळ्यातून काही नाही.

मग माझा आवाज जिथं संपला होता, तिथूनच गिटारचा सूर हळूच वर यायला लागला. वानखेड्यांचे डोळे मिटलेले, करंगळी बटणावर. सूर वर गेला, त्या जागेवर पोचला आणि तिथंच राहिला. मला एकदम ते ऊन आठवलं. घाई नाही. मी खालच्या, माझ्या सुरात परत गायला लागले. मास्तरांनी मान वर करून वानखेड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि अ‍ॅकॉर्डियनवरचे हात उचलून घेतले. आम्ही दोघंच किती वेळ तिथं होतो, मला आजही सांगता येणार नाही.

टाळ्या थांबेचनात. आम्ही स्टेजमागे आलो तर साठेकाका आलेच, चष्मा पुसत. "मास्तर, शेवटचं ते गिटारचं... ते रेकॉर्डवर नाही हो."

मास्तरांनी अ‍ॅकॉर्डियनचा पट्टा खांद्यावरून शांतपणे उतरवला. "तुमच्या रेकॉर्डला चरा पडला असंल."