चिठ्ठीत आलेली बाजू

आंतरराष्ट्रीय कायद्यात एलएलएम करते असं सांगितलं, की पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. ‘ह्याचं कोर्ट कुठल्या जिल्ह्यात गे?’ मी चिडून म्हणायचे, ‘युरोपात!’ की लगेच दुसरा, ‘मग बेंगळुरात शिकून काय उपयोग?’ डोकं फिरायचं माझं, कारण धड उत्तर माझ्याकडेही नव्हतं. आमच्या आधीचे बहुतेक जण कुठल्या ना कुठल्या कंपनीचे करार तपासत बसले होते.

माझ्यासाठीही सर्जापूर रोडवरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत तसलीच खुर्ची तयार होती. वाट एकच उरली होती. परदेशातल्या एका न्यायाधिकरणात शिकाऊ म्हणून आमच्या कॉलेजातून एकालाच पाठवणार होते, आणि निवड एका लुटुपुटुच्या खटल्यातून व्हायची होती. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, निकाल आधीच देऊन ठेवला होता. ‘जागा मिळाली तर जा. नाहीतर सोमवारपासून कंपनी. सरी?’

‘सरी,’ मीही कन्नडमध्येच ‘ठीक’ म्हटलं. दुसरं काय म्हणणार!

अप्पा बेंगळुरातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीत एका लेथच्या कारखान्यात सुपरवायझर. मूळ गाव बेळगावकडचं, अगदी सीमेवरचं. गाव महाराष्ट्रात जावं म्हणून तरुणपणी ते मोर्चात गेलेले, पाठीवर पोलिसांची लाठी खाल्लेली. कन्नड माझ्यापेक्षा झकास बोलतात, या शहरावर जीवही आहे, पण तो विषय निघाला की आवाज चढलाच. ‘माणसं मराठी, म्हणजे गाव मराठी. एवढं साधं आहे की!’

आमच्या खटल्यात दोन नवे देश होते आणि मधे एक खोरं. खोऱ्यातल्या लोकांची भाषा अलीकडच्या देशाची, पण जुन्या राजवटीनं आखलेली रेषा त्यांना पलीकडच्या देशात टाकत होती. कुठली बाजू लढायची ते ऐनवेळी चिठ्ठी काढून ठरणार. तयारी दोन्हीची केली होती, तरी देवा, लोकांची बाजू दे, असं मी घोकत होते. चिठ्ठी उघडली. रेषेची बाजू!

मागच्या रांगेत अप्पा बसले होते, अर्धी रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून.

मी बोलत गेले. नवे देश होतात तेव्हा जुन्या सीमाच पुढे चालतात, भाषेप्रमाणे त्या हलवू लागलो तर भांडणांना अंत राहणार नाही, वगैरे. अप्पांना इंग्रजी बोलता येत नाही, कळतं मात्र सगळं.

न्यायाधीश म्हणून बसलेल्या बाईंनी चष्मा काढला. ‘त्या खोऱ्यातला एखादा माणूस इथे बसला असता, तर त्याच्या तोंडावर हे सांगाल?’

वाटलं, मरू दे, सोमवारी कंपनीत जावं, कटकट मिटेल. मग सरळ अप्पांकडे बघितलं.

‘सांगेन,’ मी म्हणाले. ‘त्याच्या भाषेसाठी, शाळेसाठी त्याच्या बाजूनं भांडेन. पण रेषा हलणार नाही.’

अप्पांनी मान खाली घातली.

जागा मला मिळाली. मैत्रिणी गळ्यात पडत होत्या आणि मी अप्पांना शोधत होते. ते गेटाशी रिक्षावाल्याला कन्नडमध्ये पत्ता समजावत उभे होते. रिक्षात बसल्यावर त्यांनी सुट्टे पैसे मोजायला घेतले. मला राहवेना.

‘अप्पा, ओरडा तरी!’

‘कशाला ओरडू? चांगलं बोललीस की.’

सिग्नलला रिक्षा थांबली. बाहेर बघतच त्यांनी विचारलं, ‘चिठ्ठीत आपली बाजू आली असती, तर जिंकली असतीस काय गे?’

दोन्ही बाजू मीच लिहून काढल्या होत्या. लोकांच्या बाजूला कायदा कुठे तोकडा पडतो, ते मला पक्कं माहीत होतं.

‘होय की, अप्पा. नक्की जिंकले असते.’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ‘मघाशी सगळ्यांसमोर माझ्या तोंडावर खरं बोललीस,’ ते म्हणाले. ‘आता कशाला खोटं बोलतीस?’