रेघेवर उगवलेलं गवत

माझी मावशी रोज सकाळी प्रयोगशाळेत शिरली की आधी यंत्राला कान लावायची. पंप नेहमीसारखा टकटकतोय याची खात्री झाली की मगच अॅप्रनच्या बाह्यांत हात घालायची.

औषधांच्या कारखान्यात तिचं काम क्रोमॅटोग्राफीचं. द्रावणाबरोबर औषधाचा थेंब यंत्रातल्या बारीक नळीतून ढकलायचा. त्यातले घटक वेगळे होऊन पडद्यावर एकेक उंचवटा उमटतो. उंचवट्यांमधली रेघ मात्र सपाट हवी.

निवृत्तीला आठवडा उरला आणि ती रेघ थरथरू लागली. रोज कालच्यापेक्षा जास्त.

"ताई, गवत उगवलंय नुसतं," साहेब म्हणाले. "यंत्र म्हातारं झालं. शुक्रवारपर्यंत सुधारलं तर ठीक, नाहीतर भंगारात."

"म्हातारं म्हणू नका हं. आम्ही दोघं एकाच महिन्यात रुजू झालोय."

"म्हणून तर!"

मावशीने पदर खोचला. यंत्रातला दिवा बदलला, गवत तसंच. नळी काढून पाहिलं, तसंच. पंप थांबवला आणि रेघ गपगुमान आडवी झाली. पंपाची टकटक तर नेहमीसारखीच; म्हणजे खोट द्रावणात. तिने नवं द्रावण बनवून त्याच बाटल्यांत भरलं, तर पुन्हा गवत.

शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवालीने एक बाटली उजेडात धरली. "ताई, या इतक्या चकचकीत कशा?"

मावशी दुसऱ्या बाटलीचं झाकण घट्ट करू लागली.

"कुणी घासल्या?"

"मी."

"साबणाने?"

"जाता जाता सगळं स्वच्छ सोपवावं म्हटलं. रोज एक घासत होते."

चष्मेवालीने मोरीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. 'द्रावणाच्या बाटल्यांना साबण लावणाऱ्याची गय होणार नाही.' अक्षर मावशीचंच. साबणाचा अंश काचेला चिकटून राहतो आणि द्रावणात उतरतो, हे तीस वर्षं तीच सगळ्यांना ओरडून सांगत आली होती. दोघी पोट धरून हसल्या.

"साहेबांना सांगू?"

"मीच सांगते. तू मीठमसाला लावशील."

कपाटातल्या कोऱ्या बाटल्या निघाल्या. नवं द्रावण सोडून यंत्र दिवसभर धूत ठेवलं. शुक्रवारी दुपारी रेघ दोरीसारखी सरळ पडली. साहेबांनी चष्मा पुसून दोनदा पाहिली, आणि भंगाराच्या यादीतली यंत्राची ओळ स्वतःच्या हाताने खोडली.

संध्याकाळी मी तिला न्यायला गेले तेव्हा ती पर्स खांद्याला लावून निघालीच होती. दारातून वळून चष्मेवालीला म्हणाली, "सोमवारी चालू केल्या केल्या नमुना घालू नकोस गं. अर्धा तास नुसतं द्रावण जाऊ दे."